जड पाणी आणि घरगुती जलशुद्धि

पाण्याची परीक्षा नुसत्या डोळ्यांनीं होत नाहीं. पुण्यासारख्या एकाच शहरांत एका घरीं खडकवासल्याच्या तलावाचें पाणी नळानें येतें, तर उपनगरांतील दुसऱ्या घरीं कूपनलिकेचें किंवा टँकरनें आणलेलें पाणी भरावें लागतें. कांचेच्या दोन पेल्यांत तें शेजारीं शेजारीं ठेवलें, तर कोणता पेला कोणत्या घरचा हें सांगतां येणार नाहीं; दोन्ही सारखेच नितळ दिसतील. फरक कळतो तो संसारांत. पहिल्या घरीं साबणाचा फेस चटकन् होतो व डाळ वेळेवर शिजते. दुसऱ्या घरीं साबण झिजतो पण फेस धरीत नाहीं, धुतलेले कपडे वाळल्यावर खरखरीत लागतात, न्हाणीघरांतील तोट्यांवर पांढरी खपली चढते, आणि दोन-तीन वर्षांपूर्वीं घेतलेला गीझर पाणी तापविण्यास दुप्पट वेळ घेऊं लागतो.

अशा वेळीं घरमालक उपाय शोधूं लागतो. पूर्वींच्या पिढ्यांजवळ उपाय थोडे होते. गढूळ पाण्यांत तुरटी फिरवावी, निर्मळीचें बीं उगाळून घालावें, चौपदरी फडक्यानें गाळावें आणि आजाऱ्यासाठीं उकळून घ्यावें, इतकेंच. आज बाजारांत फिल्टर, सॉफ्टनर, कार्बनचीं नळकांडीं, अतिनील किरणांचे दिवे, आर. ओ. यंत्रें अशी साधनांची रेलचेल झाली आहे. आणि विक्रेत्याच्या तोंडून ऐकावें तर त्यांतील प्रत्येक साधन सर्व दोषांवर रामबाण! वस्तुस्थिति तशी नाहीं. दोष एक आणि औषध भलतेंच, असें झालें म्हणजे पैसा तर जातोच. परंतु त्याहून वाईट गोष्ट ही कीं, अपायकारक पाणी शुद्ध झालें अशी खोटी निश्चिंतता घरांत नांदूं लागते. म्हणून यंत्रांची निवड करण्यापूर्वीं दोषांची ओळख करून घेणें अगत्याचें आहे.

घरांत येणाऱ्या पाण्याचे दोष ढोबळ मानानें चार प्रकारचे असतात. पहिला दोष मळाचा : माती, बारीक वाळू, गंज, शेवाळ. हे कण पाण्यांत विरघळलेले नसून नुसते तरंगत असतात, म्हणून ते गाळून निघतात. दुसरा दोष जडपणाचा, म्हणजे पाण्यांत विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियम या दोन धातूंच्या क्षारांचा. तिसरा दोष खारेपणाचा व इतर विरघळलेल्या द्रव्यांचा. यांत साधें मीठ येतें, तसेंच फ्लोराइड, नायट्रेट व आर्सेनिक यांसारखीं प्रकृतीला बाधक द्रव्येंहि येतात. चौथा दोष रोगजंतूंचा. या चारही दोषांवर चार निरनिराळे उपाय आहेत, आणि एका दोषाचा उपाय दुसऱ्यावर बहुधा चालत नाहीं. साखर विरघळलेलें पाणी कितीहि बारीक फडक्यांतून गाळलें तरी गोडच राहतें, हें मुलांनाहि ठाऊक असतें. तोच न्याय जडपणाला लागू आहे. साध्या गाळणीनें पाणी हलकें होत नाहीं.

पाण्यास जडपणा येतो तरी कोठून? पावसाचें पाणी मुळांत हलकें असतें. तें जमिनींत मुरूं लागलें म्हणजे मातींतील कार्बन डाय-ऑक्साइड वायु त्यांत विरघळतो आणि पाण्यास किंचित् आम्लता येते. असें पाणी खडकांच्या भेगांतून महिनोन् महिने, प्रसंगीं वर्षानुवर्षें झिरपत राहतें व वाटेंतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपल्या पोटांत घेतें. चुनखडीच्या प्रदेशांत हें काम फार जलद होतें. परंतु महाराष्ट्राच्या पठारावरील काळ्या कातळांतहि हे दोन्ही धातु आहेत. म्हणूनच देशावर खोल कूपनलिकेचें पाणी पुष्कळदां जड निघतें, तर सह्याद्रीच्या उतारावरील पावसाचें पाणी अडवून केलेल्या तलावांचें पाणी हलकें असतें. मुंबईस १८६० सालीं विहार तलावाचें व १८९२ सालीं तानसा तलावाचें पाणी मिळूं लागलें, तें याच जातीचें. मुंबईंतील नळाच्या पाण्याला सॉफ्टनर लावणें म्हणजे निरोग्यास औषध पाजण्यासारखें होय.

जडपणा दोन प्रकारचा असतो. कांहीं क्षार असे असतात कीं पाणी उकळतांच ते विरघळलेल्या स्थितींतून बाहेर पडतात व भांड्याच्या तळाशीं पांढरी पुटें धरतात. यास अस्थायी जडपणा म्हणतात. चहाच्या किटलींत किंवा गीझरच्या तारेवर जें कवच दिसतें तें याचेंच. दुसरे क्षार, विशेषतः सल्फेट व क्लोराइड, कितीहि उकळलें तरी पाण्यांतच राहतात; हा स्थायी जडपणा होय. दोन्हींची एकत्र मोजणी दर लिटरला इतके मिलिग्रॅम अशी करतात. सामान्यतः ६० पर्यंतचें पाणी हलकें, १२० च्या पुढचें जड आणि १८० च्या वरचें फार जड समजतात. भारतीय मानक ब्यूरोनें पिण्याच्या पाण्यासाठीं ठरविलेल्या १०५०० क्रमांकाच्या मानकांत (२०१२) जडपणाची इष्ट मर्यादा २०० असून, दुसरें पाणी मिळण्यासारखें नसेल तर ६०० पर्यंतचें चालेल असें म्हटलें आहे.

या शेवटच्या वाक्यांतच एक महत्त्वाची गोष्ट आली आहे. जड पाणी म्हणजे विषारी पाणी नव्हे. कॅल्शियम व मॅग्नेशियम हीं शरीरास लागणारींच द्रव्यें आहेत, आणि जडपणासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें आरोग्याच्या दृष्टीनें कोणतीहि मर्यादा घातलेली नाहीं. जड पाण्याचा त्रास आहे तो मुख्यतः घरकामाला आणि खिशाला. साबण हा कॅल्शियमच्या सहवासांत आला म्हणजे त्याचा न विरघळणारा साका बनतो. सर्व कॅल्शियम अशा रीतीनें संपेपर्यंत फेस येत नाहीं. म्हणजे आधीं साबणानें पाणी धुवावयाचें व मग उरलेल्या साबणानें कपडे धुवावयाचे, असा हा प्रकार आहे. गीझरच्या तारेवर चढलेलें कवच उष्णतेस अडवून धरतें, त्यामुळें वीज अधिक जळते व अखेर तार जळून जाते. डाळीच्या दाण्यांतील पेशींना जोडून ठेवणारें पेक्टिन नांवाचें द्रव्य कॅल्शियमनें घट्ट होतें, म्हणून डाळ शिजत नाहीं. अशा डाळींत चिमूटभर सोडा टाकण्याची जी गृहिणींची जुनी युक्ति आहे, तिच्या मागें हेंच रसायन आहे.

आतां उपायांकडे वळूं. पाणी मोठ्या प्रमाणावर हलकें करण्याची पद्धति ॲबर्डीन येथील रसायनाचे अध्यापक टॉमस क्लार्क यांनीं १८४१ सालीं पेटंट करून पुढें मांडली. तिचें मर्म असें कीं, जड पाण्यांत मोजून चुन्याची निवळी घालावी. म्हणजे आधींचा चुना आणि घातलेला चुना असे दोन्ही साक्याच्या रूपानें खालीं बसतात. चुना घालून चुना काढण्याची ही युक्ति ऐकणारास चमत्कारिक वाटते, पण ती अगदीं सशास्त्र आहे. मात्र हिनें अस्थायी जडपणाच जातो, आणि प्रमाण चुकलें तर पाणी पूर्वींहून वाईट होतें. म्हणून ही पद्धति कारखान्यांची व नगरपालिकांची, घरची नव्हे. घरीं कपडे धुण्याच्या पाण्यांत धुण्याचा सोडा घालणें हा त्याच जातीचा साधा उपाय होय, व त्यानें स्थायी जडपणाहि कमी होतो.

घरगुती सॉफ्टनर ज्या तत्त्वावर चालतो त्याचा शोध मात्र शेतांतील मातींत लागला. १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्यें टॉम्सन व वे या दोघां संशोधकांस असें आढळलें कीं, खताचें पाणी मातींतून झिरपतांना माती त्यांतील एक द्रव्य धरून ठेवते आणि त्याच्या बदल्यांत दुसरें द्रव्य पाण्यास देते. हा देवघेवीचा गुण पुढें या शतकाच्या आरंभीं नव्हे, तर विसाव्या शतकाच्या आरंभीं गान्स नांवाच्या जर्मन रसायनज्ञानें कृत्रिम खनिजांत उतरविला व त्याचा उपयोग पाणी हलकें करण्याकडे केला. १९३५ सालीं इंग्लंडमधील ॲडम्स व होम्स यांनीं तोच गुण कृत्रिम राळेंत आणला. आजच्या सॉफ्टनरच्या पोटांत मोहरीहून बारीक असे पिवळसर मणी असतात, ते या राळेचेच वंशज होत.

हे मणी काम कसें करतात तें एका दृष्टांतानें स्पष्ट होईल. आगगाडींतील दोन दोन जणांच्या बांकांवर सर्वत्र सोडियमचे कण बसलेले आहेत अशी कल्पना करावी. जड पाणी आंत शिरलें कीं त्यांतील कॅल्शियमचा धिप्पाड कण एका बांकावरील दोन्ही सोडियमना उठवितो आणि स्वतः दोन्ही जागा अडवून बसतो. उठलेले दोन सोडियम पाण्याबरोबर पुढें चालते होतात. अशा रीतीनें बाहेर पडणाऱ्या पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम राहत नाहीं. त्यांच्या जागीं सोडियम असतो, व सोडियमला साबणाशीं वैर नाहीं. कांहीं दिवसांनीं सर्व बांकें कॅल्शियमनें भरून जातात व सॉफ्टनर निरुपयोगी होतो. तेव्हां त्यांतून मिठाचें दाट पाणी सोडावयाचें. आतां सोडियमची झुंबड इतकी मोठी असते कीं कॅल्शियमला जागा सोडावी लागते, आणि तो गटारांत जातो. मणी पुनः पूर्वीप्रमाणें कामाला तयार होतात.

यावरून खर्चाचा हिशेब प्रत्येकास घरबसल्या करतां येईल. पांच माणसांचें कुटुंब, दर माणशीं दररोज १३५ लिटर पाणी, म्हणजे एकूण ६७५ लिटर. जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम धरला, तर दररोज २७० ग्रॅम जडपणा काढावयाचा. राळेचा एक लिटर साधारणपणें ५० ग्रॅम जडपणा धरतो, म्हणून २५ लिटर राळेचें यंत्र १२५० ग्रॅम धरील. तें साडेचार दिवसांनीं भरेल. प्रत्येक वेळीं तीन ते चार किलो मीठ लागेल, म्हणजे महिन्याला सुमारें २० ते २५ किलो. शिवाय दर खेपेस मणी धुण्याचें पाणी वायां जाईल तें निराळें. विक्रेत्यानें दाखविलेलें यंत्र याहून फार लहान असेल, तर तें किती दिवसांनीं मीठ मागेल हें त्यास आधींच विचारावें.

येथपर्यंत सॉफ्टनरचे गुण झाले. आतां त्याच्या मर्यादा. पहिली मर्यादा अशी कीं, त्यानें पाण्यांतील क्षारांचा एकूण भार कमी होत नाहीं. एक जाऊन दुसरा येतो, इतकेंच. विदर्भांत पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांमध्यें खारपाण पट्टा आहे. तेथील खाऱ्या पाण्यावर सॉफ्टनर बसविला तर साबणाला फेस येईल, पण पाणी खारेंच राहील. खारेपणा काढण्यास आर. ओ. यंत्रच लागतें, व तेंहि बरेंच पाणी वायां दवडतें. तीच गोष्ट फ्लोराइडची. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं गांवांत पाण्यांतील फ्लोराइडमुळें दांत व हाडें बिघडतात. त्यावर सॉफ्टनरचा कांहीं उपयोग नाहीं. आणि रोगजंतु तर सॉफ्टनरच्या मण्यांतून खुशाल पार होतात.

दुसरी मर्यादा प्रकृतीची आहे व ती घरांतील वडील मंडळींच्या दृष्टीनें विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. जडपणाच्या प्रत्येक मिलिग्रॅममागें पाण्यांत सुमारें ०.४६ मिलिग्रॅम सोडियम येतो. वरील उदाहरणांतील ४०० च्या पाण्यांत दर लिटरला १८४ मिलिग्रॅम सोडियमची भर पडेल. दिवसाकांठीं असें तीन लिटर पाणी पोटांत गेलें तर साडेपांचशें मिलिग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, अशी सांगितली आहे. म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक मर्यादा नुसत्या पाण्यांतच संपते! रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यास डॉक्टरांनीं मीठ वर्ज्य करावें, घरच्यांनीं आमटींतील मीठ काटेकोरपणें कमी करावें, आणि तेंच सोडियम पाण्याच्या पेल्यांतून नकळत द्यावें, असा हा प्रकार होतो. तान्ह्या मुलाचें दूध कालविण्यासहि हें पाणी योग्य नव्हे. म्हणून स्वयंपाकघरांतील पिण्याच्या पाण्याचा नळ सॉफ्टनरच्या अलीकडूनच, म्हणजे मूळ पाण्यावरून, निराळा काढावा, हा या विषयांतील पहिला नियम समजावा. पिण्याच्या नळाला आर. ओ. यंत्र असेल तर गोष्ट वेगळी. तें यंत्र सोडियमहि बहुतांशीं काढून टाकतें.

तिसरी मर्यादा जमिनीची. बागेला सॉफ्टनरचें पाणी घालूं नये आणि मणी धुतलेलें मिठाचें पाणी तर अंगणांत मुळींच सोडूं नये. सोडियममुळें चिकण मातीचे बारीक कण सुटे होतात, मातींतील छिद्रें बुजतात व पाणी मुरेनासें होतें. देशावरची काळी माती या बाबतींत फार नाजूक आहे. झाडांना मूळचें जड पाणीच बरें.

सबंध घराला पुरेल असा फिल्टर बसविणें हा यापुढचा प्रश्न. येथें सर्व महत्त्व क्रमाला आहे. सर्वांत आधीं मळ गाळणारें नळकांडें. त्यांतहि आधीं २० मायक्रॉनचें जाडें व मग ५ मायक्रॉनचें बारीक ठेवलें, तर बारीक नळकांडें लवकर तुंबत नाहीं. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) कूपनलिकेच्या पाण्यांत लोह असेल, म्हणजे पाणी उपसतांना नितळ दिसून थोड्या वेळानें तांबूस होत असेल, तर त्यास आधीं हवा लागूं द्यावी आणि बनलेला गंज वाळूच्या फिल्टरनें काढावा, नाहींतर लोह राळेच्या मण्यांवर बसून त्यांचा नाश करतें. त्यानंतर सॉफ्टनर. जंतूंचा बंदोबस्त सर्वांत शेवटीं, पिण्याच्या नळापाशीं. कारण अतिनील किरणांना गढूळ पाण्यांतून आरपार जातां येत नाहीं.

कोळशाच्या म्हणजे कार्बनच्या नळकांड्याविषयीं थोडें अधिक सांगणें जरूर आहे. तें पाण्यांतील वास व क्लोरीन शोषून घेतें, म्हणून पाण्यास चव चांगली येते. परंतु नगरपालिकेनें क्लोरीन घातलेला असतो तो नळांतून येतांना जंतु वाढूं नयेत यासाठींच. घराच्या दाराशींच तो काढून टाकला, आणि मग तें पाणी दोन दिवस गच्चीवरील टांकींत पडून राहिलें, तर पहारेकऱ्यास रजा देऊन दार उघडें टाकण्यासारखें होईल. म्हणून कार्बन ठेवावयाचा तर तो टांकीच्या पुढें व पिण्याच्या नळाजवळ ठेवावा. तसेंच कोणतेंहि नळकांडें मुदतीवर बदललें नाहीं, तर तें मळ अडविण्याऐवजीं मळाचें व जंतूंचें वसतिस्थान होतें. न बदललेल्या फिल्टरपेक्षां फिल्टर नसलेलाच बरा.

आणखी एक व्यावहारिक अडचण दाबाची. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब देतो. गच्चीवरील टांकी तोटीपासून तीनच मीटर उंच असेल, तर दाब तिसऱ्या हिश्शाहूनहि कमी मिळतो, व फिल्टर आणि सॉफ्टनर मिळून तोहि खाऊन टाकतात. मग वरच्या मजल्यावरील न्हाणीघरांत पाण्याची नुसती धार पडते. यास्तव हीं साधनें खालच्या टांकींतून वर पाणी चढविणाऱ्या पंपाच्या वाटेवर बसविणें सोयीचें. तेथें पंपाचा जोर आयताच मिळतो. मात्र तशा वेळीं पिण्याच्या पाण्यासाठीं निराळी नळी व लहानशी निराळी टांकी हवी.

नळीभोंवतीं लोहचुंबक बसवून पाणी हलकें करतों असें सांगणारेहि पुष्कळ भेटतात. चुंबकानें पाण्यांतील कॅल्शियम निघून जात नाहीं. तपासणी केली तर जडपणाचा आंकडा पूर्वीं होता तितकाच येतो. ग्राहकानें एवढी एक कसोटी लावली तरी त्याचे पैसे वांचतील.

खर्च करण्यापूर्वींची परीक्षा अगदीं सोपी आहे. एका स्वच्छ बाटलींत पावसाचें किंवा बाजारांत मिळणारें ऊर्ध्वपातित पाणी, व दुसरींत घरचें पाणी सारखें घ्यावें. दोहोंत साध्या साबणाचे सारखेच थेंब टाकून जोरानें हलवावें. (आजची पुष्कळशी धुण्याची पावडर ही साबण नव्हे, म्हणून ती वापरूं नये.) घरच्या पाण्यांत फेसाऐवजीं दह्यासारखा साका दिसला तर पाणी जड आहे असें समजावें. पुढें प्रयोगशाळेंतून जडपणा, एकूण विरघळलेले क्षार, लोह, फ्लोराइड, नायट्रेट व जंतु यांची तपासणी करून घ्यावी. एकूण क्षार ५०० च्या आंत असतील तर खारेपणासाठीं आर. ओ. यंत्राची गरज नाहीं. जडपणा २०० च्या आंत असेल तर सॉफ्टनरवांचून कांहीं अडत नाहीं. वर्षांतून एकदां गीझर उघडून लिंबाच्या सत्त्वानें साफ करणें पुष्कळ स्वस्त पडतें. जडपणा ४००-५०० असेल तर सॉफ्टनर अवश्य घ्यावा. तोहि न्हाणीघर, गीझर व कपडे धुण्याचें यंत्र यांपुरता. आणि पावसाळ्यांत छपरावरील पाणी सांठविण्याची सोय असेल, तर निसर्गानें फुकट दिलेलें हलकें पाणी गटारांत सोडून, जमिनींतील जड पाणी विजेनें उपसून मिठानें हलकें करीत बसणें यासारखा दुसरा अव्यवहार नाहीं.

सारांश, मळासाठीं गाळणी, जडपणासाठीं सॉफ्टनर, खारेपणासाठीं आर. ओ. आणि जंतूंसाठीं उकळणें, क्लोरीन किंवा अतिनील किरण, अशी ही कामाची वांटणी आहे. वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. गृहस्थानेंहि तपासणीचा कागद हातीं आल्यावांचून यंत्राची मागणी करूं नये. आणि कोणतेंहि यंत्र घरांत आणलें तरी पिण्याच्या पेल्यांत काय जात आहे, याकडे स्वतःचें लक्ष ठेवावें.